आठ मैलांचा फाटा

मुंबईकडून येणारी गाडी जळंब स्टेशनात थांबली की आमच्या लहानपणी खामगावची माणसं बोचकी, ट्रंका, लेकरं घेऊन घाईघाईनं खाली उतरत. मोठी गाडी शेगाव-अकोल्याकडे निघून जाई आणि आम्ही फलाटावर आमच्या छोट्या गाडीची वाट बघत बसत असू. एकदा मी वैतागून अब्बांना विचारलं, की ही मोठी गाडी आपल्या गावाला का येत नाही? अब्बा हसले. म्हणाले, "बेटा, बडी गाडी किसी के घर नहीं आती. उसको घर तक लाना पडता है."

तेव्हा मला वाटलं, अब्बांनी लहान मुलाची समजूत काढली. पुढे बी. ए.ला इतिहास वाचताना आणि त्यानंतर आमच्या जिल्ह्याची जुनी गॅझेटियरं चाळताना कळलं, की अब्बांनी खामगावचा सगळा इतिहासच एका वाक्यात सांगून टाकला होता. आज जुन्या बाजारपेठा ओस पडत चालल्याची चर्चा गावोगावी ऐकू येते. मलकापूर असो, मेहकर असो, चिखली असो, दुकानदार एकच गाऱ्हाणं सांगतात, की गिऱ्हाईक येत नाही. म्हणून या पेठा मुळात वसल्या कशा आणि टिकल्या कशा, ते आज थोडं पाहू या.

आपल्याकडे 'पेठ वसवणे' असा शब्दप्रयोग आहे. पेठ आपोआप वसते असं जुने लोक मानत नसत. एखाद्या ठिकाणी बाजार भरावा असं राज्यकर्त्याला वाटलं, की तो व्यापाऱ्यांना कौल देई. म्हणजे अमुक वर्षं जकात माफ, अमुक वर्षं कर कमी, जागा सरकारातून. पेठेची व्यवस्था बघायला शेटे आणि महाजन नेमले जात. वजनं-मापं खरी आहेत ना, नवा व्यापारी आला तर त्याला जागा मिळाली ना, तंटा झाला तर मिटवायचा कुणी, या गोष्टी ते बघत. त्या बदल्यात त्यांचे हक्क ठरलेले असत. थोडक्यात, नुसत्या दुकानांच्या रांगेला कुणी पेठ म्हणत नसे. ती सांभाळणारी माणसं तिथे लागत.

आमच्याच जिल्ह्यातल्या मेहकरचं उदाहरण मला फार आवडतं. इंग्रजी अमदानीतल्या गॅझेटियरात तिथल्या मोमिनांची एक आठवण नोंदवलेली आहे. मोमीन म्हणजे मुसलमान विणकर. एके काळी हे विणकर इतके सधन होते, की गावाभोवती तटबंदी बांधण्याचं काम त्यांनी अंगावर घेतलं. किल्ला राजानं बांधावा, तट सरदारानं बांधावा, असं आपण शाळेत शिकतो. इथे हातमागावर बसणाऱ्या माणसांनी आपल्या कमाईतून गावाची भिंत उभी करायला घेतली. का? कारण गाव लुटलं गेलं तर माग कुठे चालणार आणि कापड कुणाला विकणार, हे त्यांना ठाऊक होतं. एकट्याच्या दुकानाला कुलूप लावून भागत नाही, वेशीचा दरवाजाही शाबूत लागतो, हे शहाणपण त्यांच्यापाशी होतं.

आता खामगावकडे वळू. गॅझेटियर सांगतं, की १८२० च्या सुमारास काही व्यापारी इथे येऊन राहिले आणि तूप, सूत व थोडाफार कापूस यांचा व्यापार करू लागले. एवढीच सुरुवात. १८५३ मध्ये निजामानं वऱ्हाड इंग्रजांच्या हवाली केला. १८६१ मध्ये अमेरिकेत यादवी युद्ध पेटलं आणि तिथल्या कापसाची वाट बंद झाली. मँचेस्टरच्या गिरण्या उपाशी राहू लागल्या, तेव्हा साहेबाची नजर वऱ्हाडच्या काळ्या मातीवर पडली. १८६५ पर्यंत चाललेल्या त्या युद्धानं आमच्याकडच्या कापसाला सोन्याचा भाव आणला. राली ब्रदर्स, फोल्कार्ट यांसारख्या परदेशी कंपन्यांनी पुढे वऱ्हाडच्या बाजारांत आपली माणसं आणून बसवली. खामगाव हा वऱ्हाडातला पहिल्या प्रतीचा कापूसबाजार झाला.

पण एक अडचण होती. ग्रेट इंडियन पेनिन्सुला रेल्वेचा मार्ग १८६७ मध्ये नागपूरपर्यंत पोचला, तो खामगावला बगल देऊन. मलकापूर, नांदुरा, जळंब, शेगाव ही गावं रुळावर आली आणि खामगाव आठ मैल बाजूला राहिलं. आठ मैल म्हणजे आजचे सुमारे तेरा किलोमीटर. मोटारीला ते काहीच नाहीत. पण कापसाच्या गठाणी लादलेल्या बैलगाड्यांना, पावसाळ्यात काळ्या चिखलातून जायचं तर ते आठ मैल ऐंशी मैलांसारखे होते. व्यापार हळूहळू रुळावरच्या गावांकडे सरकला असता आणि खामगाव एक जुनं खेडं म्हणून उरलं असतं. अशी उरलेली गावं हिंदुस्थानात कमी नाहीत.

तसं झालं नाही. सरकारनं आपल्या खर्चानं जळंब ते खामगाव असा आठ मैलांचा फाटा टाकला. १८७० मध्ये त्याच्या उद्घाटनाला खुद्द व्हाइसरॉय लॉर्ड मेयो आले. एवढ्याशा फाट्यासाठी एवढा मोठा माणूस का आला असेल, याचं पुस्तकात वाचताना मला नवल वाटलं होतं. साहेबाला अर्थातच खामगावचं प्रेम आलं नव्हतं, त्याला कापूस हवा होता. पण त्याला एक गोष्ट कळली होती. पन्नास वर्षांत जमलेली पेठ, तिथले अडते, दलाल, मापारी, हमाल, सावकार, त्यांची एकमेकांवरची उधारी आणि एकमेकांची ओळख हे सगळं उचलून दुसरीकडे नेता येत नाही. त्यापेक्षा रूळ पेठेपर्यंत नेणं स्वस्त. अमरावतीलाही मुख्य मार्गापासून, बडनेऱ्याहून, असाच फाटा टाकला गेला तो याच कारणानं.

या कथेची दुसरी बाजू सांगायलाच हवी. ज्या डब्यांतून कापूस गेला, त्याच डब्यांतून गिरणीचं स्वस्त कापड आलं. वऱ्हाडचा विणकर त्यापुढे टिकला नाही. ज्यांच्या पूर्वजांनी गावाला तट बांधायला घेतला, त्यांच्या वंशजांपैकी कितीतरी जण शेतमजूर झाले. तेव्हा पेठेला मोठा रस्ता जोडला की सगळ्यांचं भलंच होतं, असा भाबडेपणा करू नये. रस्ता कुणासाठी आणला आणि पेठेत कुणाचा शब्द चालतो, हाही प्रश्न असतोच.

शब्द कुणाचा, यावरून कापूसबाजारातला जुना सौदा आठवतो. अडत्या आणि खरेदीदार रुमालाखाली हात घालत, बोटं दाबून भाव ठरवत. ज्याचा कापूस, तो शेतकरी शेजारी उभा राहून रुमालाकडे बघत असे. आत काय ठरलं ते त्याला नंतर कळे. वर धर्मादाय, हमाली, मापाई, नमुन्याचा कापूस अशी कापाकापी वेगळी. याला आळा घालण्यासाठी वऱ्हाडात पावलं उचलली गेली. १८८६ मध्ये कारंज्याचा कापूसबाजार नियमाखाली आला आणि १८९७ मध्ये वऱ्हाडसाठी कापूस व धान्य बाजाराचा कायदा झाला. हिंदुस्थानातला अशा प्रकारचा हा पहिला कायदा. दलाल आणि मापारी यांना परवाने आले, आकार ठरले, देखरेखीला समिती आली. मात्र त्या समितीत व्यापारी होते, नगरपालिकेची माणसं होती आणि शेतकरी नव्हता. १९२८ च्या शाही शेती आयोगानं नेमकं या उणिवेवर बोट ठेवलं. स्वातंत्र्यानंतर महाराष्ट्राच्या १९६३ च्या कायद्यानं बाजार समित्यांत शेतकऱ्यांना जागा मिळाली. पुढे १९७२ पासून कापूस एकाधिकार खरेदी योजना आली. हेतू शेतकऱ्याला लुटीपासून वाचवण्याचा होता. पण त्यानं खाजगी कापूसबाजार थांबला, शेतकरी मोजणीच्या आणि पैशांच्या रांगेत उभा राहिला. भाव जास्त असला की कापूस सीमेपलीकडच्या राज्यांत जाऊ लागला. २००२ च्या सुमारास खाजगी खरेदीला पुन्हा वाट मिळाली, तोवर पेठेची तीन दशकं गेली होती.

या तीन दशकांतच मी लहानाचा मोठा झालो. अब्बा पिंजारी होते. बाजारपेठेला लागून असलेल्या एका बोळात त्यांचं गाद्या-उशांचं दुकान होतं. बाजाराच्या दिवशी सकाळपासून पिंजणाच्या तारेचा आवाज सुरू होई आणि दुपारपर्यंत अब्बांच्या भुवयांवर रुई साचे. खेड्यातला शेतकरी यायचा आणि दारातूनच म्हणायचा, "चाचा, दोन गाद्या अन् चार उशा भरून ठेवा. पोरीचं लगन हाय. कापूस इकला का पैसे देतो." अब्बा वहीत लिहून घ्यायचे. त्या वहीवर कुणाची सही नसे. पैसे यायचे. उशिरा यायचे, पण यायचे.

दुकानाच्या मागेच आमचं घर. बाजाराला आलेल्या बायका खरेदी आटोपली की आत येत. अम्मी त्यांना माठातलं पाणी देई. लेकराला पाजायचं असेल तर आतल्या खोलीत चटई टाकून देई. मोरीचं दार त्यांच्यासाठी उघडं असे. त्या बायका आमच्याकडूनच गादी घेत होत्या असं नाही, पुष्कळ जणी काहीच घेत नसत. मी एकदा अम्मीजवळ कुरकुर केली, तर अब्बाच म्हणाले, "गाहक पहले बाजार कू आता, फिर दुकान कू." आज बाजारपेठा सुधारण्याचे मोठमोठे आराखडे मी वाचतो, तेव्हा त्यात अम्मीचा माठ आणि मोरी कुठे आहे, हे आधी शोधतो.

मग दिवस बदलले. कापसाच्या जागी सोयाबीन आलं. गावागावांत मोटारसायकली आल्या, खेड्यातच दुकानं निघाली. कितीतरी गावांत धान्याचं यार्ड पेठेपासून दूर गेलं आणि विक्रीला आलेला शेतकरी परस्पर घरी जाऊ लागला. गाद्या फोमच्या आल्या. आमच्या बोळात नालीच्या कामासाठी एकदा रस्ता खोदला गेला तो पावसाळाभर तसाच राहिला. लग्नसराईची गिऱ्हाइकं चिखल बघून चौकातूनच परत जात. कुणाकडे तक्रार केली नाही असं नाही. पण तोवर सवय मोडली होती आणि गिऱ्हाइकाची सवय एकदा मोडली की ती पुन्हा लागायला फार वेळ लागतो.

एक कबुली द्यायला हवी. अब्बांनंतर ते दुकान माझ्या धाकट्या भावानं चालवलं, अजूनही चालवतो. माझ्या मुलीचं लग्न ठरलं तेव्हा तिच्या पसंतीची गादी आम्ही घरबसल्या मोबाईलवरून मागवली. गुंडाळलेली, खोक्यात भरलेली गादी आली. ती गाडीतून उतरवून घ्यायला माझा भाऊच पुढे झाला. तो काही बोलला नाही. खोका खांद्यावर घेऊन घरात आला आणि म्हणाला, "भाईजान, कहाँ रखू?" पेठ कुणी मारली, असं कुणी विचारलं की मला तो खोका आठवतो. मी पेठेवर कविता लिहिल्या आहेत. खरेदी मात्र दुसरीकडे केली.

हे दुखणं आपल्या एकट्याचं नाही. इंग्लंडात बाजाराच्या गावांची परंपरा आपल्यापेक्षा लेखी आहे. तेराव्या शतकातल्या ब्रॅक्टनच्या कायद्याच्या ग्रंथात असं धरलं होतं, की एका बाजारापासून सहा पूर्णांक दोन तृतीयांश मैलांच्या आत दुसरा बाजार नको. हिशेब साधा होता. माणूस दिवसाला वीस मैल चालतो असं धरलं, तर एक तृतीयांश वेळ जाण्याचा, एक तृतीयांश बाजाराचा आणि एक तृतीयांश दिवसाउजेडी घरी परतण्याचा. त्याच देशात मोठाली दुकानं गावाबाहेर गेली आणि गावातले रस्ते ओस पडले. सरकारच्या विनंतीवरून मेरी पोर्टास या बाईंनी २०११ मध्ये त्यावर अहवाल दिला. पुढच्या वर्षी निवडक गावांना प्रयोगासाठी पैसे मिळाले, पहिल्या बारा गावांना मिळून १२ लाख पौंड. तरी सगळीकडे बंद दुकानं उघडली नाहीत. फ्रान्सनं तर १९७३ मध्येच मोठ्या दुकानांना परवानगी देण्यावर कायद्यानं बंधनं आणली. तरी तिथेही गावाबाहेरची मोठी दुकानं वाढतच गेली. म्हणजे नुसता पैसा पुरत नाही आणि नुसती बंदीही पुरत नाही.

मग काय पुरतं? याचं उत्तर मला आमच्या खामगावातच दिसतं. कापसाचा जुना दिमाख गेला, पण आज खामगावला रजतनगरी म्हणतात. देवाच्या मूर्ती, पूजेची भांडी, लग्नातले दागिने घ्यायला दूरदूरची माणसं इथे येतात. जिल्ह्यात चांदीची खाण नाही, बंदर नाही, विमानतळ नाही. मग येतात कशाला? इथली चांदी चोख, हा बोलबाला पिढ्यान् पिढ्या टिकला म्हणून. ज्या गावात एकेकाळी रुमालाखाली भाव ठरत होते, त्याच गावाच्या नावाला आज चोखपणाची कीर्ती आहे. मोठ्या भांडवलाशी छोट्या दुकानाला भावात झुंजता येत नाही, पण विश्वासात येतं. मात्र विश्वासाला गावाचं नाव लागतं. एकानं खोटं केलं तर सगळ्यांचं नाणं खोटं ठरतं.

आता मेहकरकडे पुन्हा एकदा बघा. समृद्धी महामार्गाचा नागपूर ते शिर्डी हा टप्पा ११ डिसेंबर २०२२ रोजी खुला झाला आणि ५ जून २०२५ रोजी तो मुंबईच्या बाजूनं पूर्ण झाला. ७०१ किलोमीटरचा हा रस्ता आमच्या जिल्ह्यात मेहकर, लोणार, सिंदखेडराजा, देऊळगाव राजा या तालुक्यांतून जातो. ही सगळी जुन्या पेठांची गावं. पण महामार्गावर ठरलेल्या जागीच चढता-उतरता येतं. गाड्या ताशी शंभराच्या वर वेगानं निघून जातात आणि चहाच्या टपरीवाल्याला त्यांचा नुसता आवाज ऐकू येतो. महामार्गालगत नवनगरं वसवण्याच्या योजनाही आखल्या गेल्या. नवी नगरं जरूर वसवावीत. पण शेजारी शेकडो वर्षांची पेठ असताना तिथवर फाटा टाकावा, असं १८७० मध्ये परक्या साहेबाला सुचलं, ते आपल्याला सुचू नये का?

आजचा फाटा रुळांचाच असेल असं नाही. खामगावहून जालन्यापर्यंत रेल्वे न्यावी ही मागणी मी लहानपणापासून ऐकत आलो आहे, ती पुरी व्हावी असं मलाही वाटतं. पण त्याआधी करता येण्यासारखं पुष्कळ आहे. महामार्गावर उतरलेल्या माणसाला गावात आणणारी वेळेवरची एसटी हा फाटाच आहे. पेठेच्या तोंडाशी गाडी लावायला जागा, आत चालायला मोकळा रस्ता, उन्हात सावली, प्यायला पाणी आणि बायकांसाठी स्वच्छ स्वच्छतागृह, हाही फाटाच. सकाळी सहाला भाजीची टोपली घेऊन आलेली बाई संध्याकाळपर्यंत पाणी पीत नाही, कारण जायला जागा नसते. अशा बाजाराला रंगीत फरशी बसवून काय उपयोग?

आणि पेठेबद्दल ठरवताना पेठेतल्या माणसांना विचारा. २०१४ च्या पथविक्रेता कायद्यानं प्रत्येक शहरात विक्रेता समिती सांगितली आहे. तिच्यात किमान ४० टक्के जागा विक्रेत्यांना आणि त्यांतल्या एक तृतीयांश महिलांना, असं कायदा म्हणतो. १८९७ च्या समितीत शेतकरी नव्हता, ही चूक दुरुस्त व्हायला साठ-सत्तर वर्षं लागली. आताची समिती कागदावर राहू नये म्हणून आपण तेवढी वाट बघू नये. दुकानदारांनीही सरकारकडे बोट दाखवताना मेहकरच्या मोमिनांची आठवण ठेवावी. त्यांनी तट बांधायला घेतला. आपण निदान आपल्या रांगेची नाली, दिवा आणि पाण्याचा माठ सांभाळू शकतो.

गेल्या दिवाळीआधी मी भावाच्या दुकानात जाऊन बसलो. आता तिथे हातानं पिंजत नाहीत, यंत्र आहे. एक म्हातारा शेतकरी जुनी गादी घेऊन आला होता. म्हणाला, "तुमच्या अब्बाच्या हातची हाय. कापूस अजून चांगला हाय, पिंजून नवी करून द्या." भावानं खोळ उसवली. आतला कापूस काळवंडला होता, गोळे झाले होते. यंत्रात घातल्यावर तो पुन्हा मोकळा झाला, फुलला. मी माझ्यासाठी एक गादी सांगितली आणि वहीत नाव लिहायला लावलं. भावानं पैसे आगाऊ घेतले नाहीत. म्हणाला, "पहले देखो तो सही."

दुकानाबाहेर बोळ आता कोरडा आहे. बाजाराला आलेली एक बाई कडेवरचं मूल सावरत दारापाशी थबकली आणि तिनं विचारलं, "दादा, पाणी हाय का?" भावानं आत हाक मारली. माठ अजून आहे.